कस्टम धनुष्य घेताय? आधी पाउंड कमी करा

आमच्या पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबर म्हणजे हरणांचा आर्चरी सीझन, आणि त्याच्या आधी दोन-तीन महिने कोणी ना कोणी विचारतंच, साधा लाकडी बो बनवून घ्यायचाय, कोणता घेऊ? (घरचे वेगळंच विचारतात, अरे तिकडे शिकार चालते का! चालते, कोर्स करून लायसन्स काढावं लागतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषयच संपला, त्यामुळे त्यांना नवल वाटणारच.)

तर पहिली गोष्ट पाउंड, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. बो वर 45 लिहिलेलं असतं ते दोरी 28 इंच ओढल्यावरचं. आपण साडेपाच फुटी माणसं, ओढतो 26, फार तर साडेसव्वीस, आणि इंचामागे साधारण दोन-तीन पाउंड कमी होतात, म्हणजे तो 45 वाला आपल्या हातात चाळीसच्या आसपासच भरतो. म्हणून ऑर्डर देतानाच सांगायचं की माझ्या 26 वर 42 पाहिजे, बनवून घेण्याचे पैसे त्याचेच तर देतोय ना. इथे हरणासाठी कायद्याने 35 लागतात, त्यामुळे 42 भरपूर झाले. कंपाउंडवाला मित्र साठ-सत्तर म्हणेल, त्याचं ऐकू नका, त्याच्या बो ला चाकं असतात आणि पूर्ण ओढल्यावर वजन एकदम हलकं होतं, इथे सगळं वजन शेवटपर्यंत तीन बोटांवर.

आता प्रॅक्टिस आणि शिकार दोन्ही एकाच बो वर करायची असेल तर माझं मत सरळ आहे, तीन तुकड्यांचा टेकडाउन रिकर्व्ह घ्या, म्हणजे टोकं पुढे वळलेला आणि सुटा करता येणारा बो. मधली मूठ तीच, लिंब्ज (मुठीच्या वर-खालचे वाकणारे भाग) दोन जोड्या, एक 32 ची आणि एक 42 ची. हिवाळ्यात 32 वर निवांत फॉर्म सुधारत बसा, उन्हाळा लागला की 42 चढवा आणि मग सीझनभर तेच, कारण बाणाचा वेग बदलला की डोळ्याचा अंदाजही बदलतो. बाण मात्र दोन सेट लागतील, 32 ला चालणारा बाण 42 वर जास्त वाकतो आणि वाकडा जातो.

लांब सरळ लाँगबो दिसतो देखणा, मलाही आवडतो, पण जुन्या पद्धतीचा हलका लाँगबो बाण सुटला की हाताला झटका देतो आणि झाडावरच्या स्टँडवर 68 इंचाचं धनुष्य म्हणजे लोकलच्या गर्दीत शिडी घेऊन चढल्यासारखं. आपल्या ओढीला 58 ते 60 इंच बास. अजून आखूड केला तर दोरीचा कोन एवढा टोकदार होतो की बोटं चिमटतात.

लाकूड कोणतं यावर लोक तासन्तास भांडतात. खरं सांगू का, फायबरग्लास लावलेल्या लिंब्जमध्ये जोर बराचसा त्या ग्लासचाच, मुठीचं लाकूड तुम्हाला आवडेल ते घ्या. त्यापेक्षा टोकं मजबूत करून मागा म्हणजे फास्ट फ्लाइटची, कमी ताणली जाणारी वेगवान दोरी चालेल, नाहीतर डॅक्रॉनच्या जुन्या, जास्त ताणणाऱ्या दोरीवरच अडकाल. आणि डावा डोळा प्रबळ आहे का उजवा ते घरीच तपासून मग कळवा, बाण टेकवायची खाच एकदा कापली की बाजू बदलत नाही.

चांगल्या कारागिराकडे वेटिंग काही महिन्यांचं असतं, पुढच्या ऑक्टोबरला हवा असेल तर या डिसेंबरात फोन करा.