प्रायमरसाठी सात महिने – घरच्या रिलोडिंगचा माझा अनुभव

मी डॅलसजवळ राहतो, थ्री-ओ-एट (.308) कॅलिबरची बोल्ट ॲक्शन (दर वेळी हाताने बोल्ट ओढून चालवायची) रायफल आहे, आणि २०२१ मध्ये ठरवलं की गोळ्या आता घरीच भरायच्या. दुकानात मिळतच नव्हत्या, मिळाल्या तर भाव ऐकून परत यायचो. बेंच, सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारं दाबाचं यंत्र), डाय (त्यात बसणारा साचा), तराजू, कॅलिपर हे सगळं दोन आठवड्यांत जमलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त बेंच भिंतीला बोल्टने पक्कं करा, नाहीतर केस (गोळीचं पितळी टरफल) साइझ करताना, म्हणजे डायमध्ये दाबून मापात आणताना, अख्खं टेबल हलतं.

अडलो ते प्रायमरवर. केसच्या बुडाशी बसणारी, पावडर पेटवणारी ती एवढीशी टिकली, पण तिच्याशिवाय बाकी सगळं सामान नुसतं मांडून ठेवायचं. आणि कुठलीही टिकली चालत नाही, थ्री-ओ-एटला लार्ज रायफलच लागते. अमेरिकेत प्रायमर बनवणारी मोठी नावं चारच, सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन, त्यातली रेमिंग्टन २०२० मध्ये दिवाळखोरीत गेलेली, आणि त्याच वर्षी लाखो नवे लोक बंदुका घ्यायला लागलेले. मी पाच साइटवर अलर्ट लावून ठेवले होते, फोन वाजला की रात्री दोन वाजतासुद्धा उठायचो, कार्टमध्ये टाकून कार्ड नंबर भरेपर्यंत संपलेलं असायचं. असं चार महिने.

शेवटी एकदा ऑर्डर लागली. हजाराचा डबा नव्वद डॉलर, वर पस्तीस डॉलर हॅझमॅट (धोकादायक मालाची) फी, कारण हा स्फोटक माल, साध्या पार्सलसारखा पाठवता येत नाही आणि घेताना मोठ्या माणसाची सही लागते. पहिल्या दिवशी मी मीटिंगमध्ये, बायको कामावर, दाराला कुरियरवाल्याची चिठ्ठी. ठीक आहे, चूक माझी. दुसऱ्या दिवशी मी पुढच्याच खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो तरी बेल न वाजवता चिठ्ठी चिकटवून गेला. तिसऱ्या दिवशी तर मी सकाळपासून दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो, दुपारी चारला ट्रॅकिंगवर आलं की डिलिव्हरीचा प्रयत्न केला, घरी कुणी नव्हतं. मी तिथेच बसलेलो! गल्लीत ट्रक फिरकलाच नव्हता. कुरियर कंपनीच्या फोनवर पाऊण तास घालवला, बाई म्हणाली तीन प्रयत्न झाले, माल परत निघाला. प्रायमरचे पैसे परत मिळाले, हॅझमॅटचे नाही. आजही त्या कंपनीची गाडी दिसली की डोकं फिरतं. म्हणून सांगतो, सही लागणारं पार्सल असेल तर डेपोतच ठेवून घ्यायला सांगा आणि ओळखपत्र घेऊन स्वतः जा. हॅझमॅट फी शिपमेंटमागे असते, तेव्हा दोघा-तिघांनी मिळून एकच ऑर्डर करा.

पुढे रेंजवरच्या (नेमबाजीच्या जागेवरच्या) एका आजोबांनी सांगितलं की गावातल्या छोट्या दुकानात शनिवारी सकाळी माल येतो, माणशी एकच डबा. तीन शनिवार रिकाम्या हाताने परत आलो, चौथ्याला मिळाला. डबा हातात आला तेव्हा खरंच भरून आलं.

आता आठवेल तसं. केसला ल्यूब (वंगण) लावायला विसरलात तर ती डायमध्ये अशी अडकते की काढताना घाम फुटतो. साइझ केल्यावर केस लांब होते, मोजाच, २.०१५ इंचाच्या वर गेली तर ट्रिम करा. बेंचवर एका वेळी एकच पावडर (बारूद), आणि ती किती भरायची तो आकडा छापील मॅन्युअलमधूनच, खालच्या टोकापासून सुरुवात करायची, कुणी तोंडी सांगितलेला आकडा घेऊ नका. बुलेट (केसच्या तोंडाशी बसणारं, नळीतून सुटणारं टोक) बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून पावडरची पातळी बघा. प्रायमर बसवताना गॉगल घाला.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं, एच-वन व्हिसावर असाल तर हंटिंग लायसन्ससारखे ठराविक अपवाद सोडून बंदूकच काय, गोळ्या बाळगणंही फेडरल कायद्यात बसत नाही. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो. स्वतःपुरत्या भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, पण विकायच्या असतील तर लागतं. भारतातल्या मित्रांनो, तिकडे १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली परवान्याशिवाय हे करता येत नाही, तेव्हा घरी प्रयोग नको.

सातव्या महिन्यात पहिल्या पाच गोळ्या घेऊन रेंजवर गेलो. शंभर यार्डावर पाचही भोकं एका इंचात बसली. तो कागद बेंचच्या वर टाचून ठेवलाय. प्रायमर मात्र मूळ डब्यातच, घरातल्या थंड कपाटात ठेवतो, टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेज नुसतं भट्टीसारखं तापतं.