आमची वाटचाल: फॉरमॅट मारण्यापासून फायरवॉलपर्यंत

भोसरीत एका गाळ्यात सुरू केलं तेव्हा आमचं काम म्हणजे फॉरमॅट मारणे, केबल ओढणे आणि अँटिव्हायरस विकणे. सिक्युरिटी म्हणजे अँटिव्हायरस एवढंच आम्हालाही माहीत होतं, खोटं कशाला बोलू.

एमआयडीसीतल्या एका शेठना घरून टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) बघायची होती. आम्ही राऊटरमध्ये ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायचं दार उघडून, रिमोट डेस्कटॉप (दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय) चालू करून दिला, पासवर्ड काय तर कंपनीचं नाव आणि पुढे १२३, शेठ खूश, आम्ही पण खूश. मे २०१७ ला वॉनाक्राय (फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तेव्हा गिऱ्हाइकांकडे पळत पळत मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, टाकत फिरलो, जो खरं तर मार्चमध्येच आलेला, पण निम्म्या मशीनवर क्रॅक विंडोज म्हणून अपडेटच बंद! शेठकडेही टाकला आणि वाटलं सुटलो.

पुढच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी फोन, टॅली उघडत नाही. जाऊन बघतो तर प्रत्येक फोल्डरमध्ये बिटकॉइन मागणारी चिठ्ठी. चोर त्याच ३३८९ मधून आलेला, पासवर्ड मारून मारून, सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, हजारो फेल लॉगिन दिसत होते जे आम्ही कधी उघडूनच बघितले नव्हते. बॅकअपची डिस्क सर्व्हरलाच लावून ठेवलेली, तीही गेली. वाचलो ते अकाउंट्सच्या मॅडममुळे, त्यांच्या ड्रॉवरमध्ये अडीच महिने जुना पेनड्राइव्ह निघाला, पुढची बिलं कागदावरून परत मारली, आमची दोन पोरं पण रात्री त्यांच्यासोबत बसली. बिल लावायचा प्रश्नच नव्हता, दार आम्हीच उघडं ठेवलेलं.

तेव्हापासून कुठेही गेलो की आधी राऊटर उघडतो. रिमोट पाहिजे तर व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा बंदिस्त रस्ता) आणि ओटीपी, सीसीटीव्ही वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे बाकी कॉम्प्युटरपासून तोडलेल्या नेटवर्कवर (डीव्हीआरचा पासवर्ड अजून अॅडमिनच असतो हो), बॅकअपची एक कॉपी वायर काढून कपाटात. "आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे" हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकतोच. २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा नियम आला, हल्ला झाला तर ६ तासात त्यांना कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे, तेव्हा कुठे लोक स्वतःहून विचारायला लागले.

ते शेठ अजून आमच्याकडेच आहेत. दर महिन्याला बॅकअप रिस्टोअर करून दाखवतो, पण मॅडम स्वतः चार व्हाउचर उघडून बघितल्याशिवाय सही करत नाहीत, आणि पेनड्राइव्ह पण अजून ड्रॉवरमध्येच असतो.