डावा पाय आधी, बाकी सगळं नंतर : अक्रामधला माझा ड्रमसेट

घानाच्या राजधानीत, अक्रात, रविवारी सकाळी उशिरापर्यंत झोपायचं म्हणाल तर ते विसरा. गल्लोगल्ली चर्च आहेत आणि बहुतेक चर्चमध्ये ड्रमसेट आहे, साउंड सिस्टिम अशी की आपल्या गणपतीतला डीजेवाला पण चार पावलं मागे सरेल. वाजवायला बसलेला असतो चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा, क्लास नाही नोटेशन नाही, लहानपणापासून ऐकून ऐकून हातात बसलेलं, आणि तो जे वाजवतो त्यात माझ्यासारखी गांधर्वच्या मध्यमापर्यंत तबला केलेली बाई सम शोधत बसते. माझी टाळी एकीकडे, शेजारच्या खुर्चीवरच्या आज्जींची दुसरीकडे. आज्जी नाचतायत, म्हणजे त्यांचंच बरोबर.

नोकरीनिमित्त इथे आले तेव्हा तबला सांगलीलाच राहिला, इथे ड्रमसेट शिकायला लागले. शिकवणारे मास्टर व्होल्टा भागातले, एवे समाजाचे, रविवारी चर्चमध्ये वाजवतात आणि शनिवारी रात्री हायलाइफ, म्हणजे इथल्या नाचाच्या लोकप्रिय संगीताच्या, बँडमध्ये. मला वाटलेलं स्नेअर (खाली तारा लावलेला चपटा ड्रम), बेस (पायाच्या पेडलनं वाजणारा मोठा ड्रम), हायहॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) असं सुरू होईल. कसलं काय, सुरुवातीला त्यांनी मला ड्रमसेटला हातच लावू दिला नाही. हातात दिली लोखंडी घंटा, गानकोग्वी म्हणतात तिला, एक मोठी आणि एक छोटी अशी जोडलेली, काठीनं वाजवायची. एवे लोकांचा अग्बाजा नावाचा नाच आहे, त्याची घंटा आधी, ती पाठ झाली की मग बोलू, म्हणाले.

ही घंटा मराठी माणसाला समजावणं अगदी सोपं आहे. घरात पेटी असेल तर काढा. पांढरी एकचा सा धरा आणि तिथून वरच्या सा च्या अलीकडेपर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या सारख्या वेगानं, एकही न गाळता, मनातल्या मनात मोजत जा. पांढरी आली की ठोका, काळी आली की गप्प. सा गप्प रे गप्प ग म गप्प प गप्प ध गप्प नी, की लगेच परत सा. झाली तुमची घंटा! बारा मात्रांत सात ठोके, आणि ग-म आणि नी-सा या दोन जागी ते चिकटून येतात. पश्चिम आफ्रिकेत हा नमुना इतक्या ठिकाणी आहे की अभ्यासक त्याला सरळ स्टँडर्ड पॅटर्न म्हणतात. शुद्ध स्वरांची चाल आणि घंटेची चाल एकच निघाली हे बघून मी रात्री साडेअकराला उडालेच होते, पण तेव्हा भारतात पहाटेचे पाच वाजलेले असतात त्यामुळे सांगणार कुणाला.

आता गंमत बघा. याच बारा पट्ट्यांवर पायानं चार ठोके द्यायचे, दर तीन पट्ट्यांनी एक. म्हणजे पाय पडणार सा वर, कोमल ग वर, तीव्र म वर आणि ध वर. चारांपैकी फक्त सा आणि ध ला घंटा पायासोबत आहे, मधले दोन ठोके पायानं एकट्यानंच द्यायचे. आणि पाय सोडून दर दोन पट्ट्यांनी सहाचा ठोका धरलात तर घंटेतले सा रे ग बरोबर त्या ठोक्यांवर बसतात आणि उरलेले चार, म प ध नी, सगळेच्या सगळे ठोक्यांच्या मध्ये पडतात. म्हणजे घंटा निम्मी सरळ आणि निम्मी उलटी चालते. मी चर्चमध्ये ज्याला सम समजून टाळी द्यायचे ती जागा या सहावाल्या मोजणीतली होती, आणि आज्जी चारावर नाचत होत्या. सहा आणि चार, म्हणजे तीनास दोन.

घंटा बसल्यावर मास्टरांनी ड्रमसेटवर बसवलं आणि पहिली आज्ञा, उजवा पाय बाजूला ठेव. बेस ड्रम बंद. डाव्या पायानं हायहॅट, ते चार ठोके, बाकी जग बुडालं तरी हे चार हलायचे नाहीत. उजव्या हातात घंटेची चाल, राइड सिंबलच्या, म्हणजे मोठ्या झांजेच्या, मधल्या फुगवट्यावर. आणि डाव्या हातात कागान. कागान म्हणजे एवे ताफ्यातला सगळ्यात लहान, उंच आवाजाचा ढोल, तो पायाच्या प्रत्येक ठोक्यानंतर दोनदा वाजतो, पाय-टक-टक, पाय-टक-टक. हे मी स्नेअरच्या कडेवर काठी आडवी ठेवून वाजवायचं. नुसतं पाय-टक-टक शेंबडं पोरही वाजवेल, नुसती घंटाही वाजवेल, दोन्ही एकत्र आलं की डोक्याचा पार भुगा. कारण हात एकमेकांना ओढतात, घंटा उलट्या भागात गेली की डावा हात तिच्या मागे जायला बघतो आणि डावा पाय त्या दोघांच्या मागे.

यूट्यूबवर पॉलीरिदम, म्हणजे एकाच वेळी दोन वेगळ्या मोजण्या, शोधलंत की एका हातात तीन, एका हातात दोन, खाली आकड्यांचा तक्ता, असे ढिगानं व्हिडिओ मिळतील. ते चूक नाहीत, पण माझं स्पष्ट मत आहे की त्यानं अग्बाजा कधीच येणार नाही, कारण तिथे तीन आणि दोन समोरासमोर उभे करून त्यांची कुस्ती लावतात. इथे कुस्ती नाहीये. नाचणाऱ्याचे पाय खाली चालू आहेत आणि बाकी सगळं त्या पायांवर उभं आहे. बेस ड्रम बंद ठेवायला का सांगितलं तेही मग कळलं, आपण सवयीनं तो सा वर धाडकन मारतो, दर फेरीला एक मोठ्ठा धप्प, आणि फिरणाऱ्या गोष्टीला उगाच सुरुवात चिकटते.

तबलावाल्यांना दिडपट नवीन नाही, आड लय हातावर ताल देऊन तोंडानं म्हणतच लहानाचे मोठे झालो. पण आपल्याकडे लयकारी हा एक प्रसंग असतो. ठेक्यापासून लांब जायचं, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा, तिहाई घेऊन समेवर यायचं आणि दाद घ्यायची. अग्बाजात कुणी लांब जात नाही आणि परतही येत नाही, तीन आणि दोन दोघंही सतत तिथेच असतात, तासन्‌तास. सांगलीच्या माझ्या गुरुजींना रेकॉर्डिंग पाठवलं तर त्यांचा मेसेज आला, "अगं, दादरा वाटतोय पण दादरा नाही, आणि तू थांबणार कुठे आहेस?" अगदी नेमकं!

तसं बघितलं तर ड्रमसेट हेच मुळात चार माणसांचं काम एकावर ढकलायचं यंत्र आहे. अमेरिकेत मिरवणुकीच्या बँडमध्ये बेस ड्रमला एक, स्नेअरला एक, झांजांना एक अशी वेगवेगळी माणसं असायची, पायाचं पेडल आलं आणि सगळं एकट्यानं बसून वाजवायची सोय झाली. पुढे नाचगाण्याच्या बँडांबरोबर ते अक्रात पोचलं, आणि इथल्या एका माणसानं त्याचं काय केलं ते ऐका. गाय वॉरन, जन्म १९२३, अक्राचाच. हायलाइफवाल्या ई. टी. मेन्सांच्या टेम्पोज बँडमध्ये ड्रम वाजवायचा, १९५० च्या दशकात अमेरिकेला गेला, जॅझवाल्यांमध्ये राहिला, आणि परत आल्यावर पुढे घनाबा हे नाव घेऊन ड्रमसेटच मोडीत काढला. घानातल्या अकान समाजाच्या राजदरबारातले माणसाएवढे फोंटोमफ्रोम ढोल लावले आणि त्यांना पायाची पेडलं जोडली. २००८ मध्ये गेला. फोटो शोधून बघाच.

दुसरं मोठं नाव नायजेरियाचं, टोनी अ‍ॅलन. जन्म १९४० चा लागोसचा, गायक फेला कुटीच्या बँडचा ड्रमर, हायलाइफ आणि जॅझ-फंक मिसळून झालेल्या अ‍ॅफ्रोबीटचा कणा, २०२० मध्ये पॅरिसला वारला. हायहॅट कसा वापरायचा यावर अमेरिकन जॅझ ड्रमर मॅक्स रोचनं लिहिलेलं वाचून त्यानं डाव्या पायावर मेहनत घेतली. त्याचं ऐकताना एक करा, फक्त हायहॅट ऐका, मग फक्त बेस ड्रम. कुठेही जोर लावलेला नाही, चारही हातपाय एकमेकांशी हळू आवाजात बोलत असल्यासारखे.

खरा अग्बाजा मी पाहिला तो ऑफिसमधल्या एकाच्या मावशीच्या अंत्यविधीला, केटाच्या बाजूला. इथे हा कार्यक्रम शनिवारी आणि लग्नाच्या थाटात असतो, मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, काळे-लाल कपडे. एक बाई आखात्से वाजवत होत्या, मण्यांच्या जाळीचा भोपळा, खाली मांडीवर आपटायचा आणि वर तळहातावर. मांडीवरचे ठोके बरोबर घंटेसोबत पडत होते आणि तळहातावरचे मधल्या जागा भरत होते, आणि हे सगळं चालू असताना बाई पलीकडच्या खुर्चीवरच्या बाईशी जेवणाबद्दल बोलत होत्या. मग घंटेवाल्याला बहुतेक पाणी प्यायचं होतं. शेजारचा वाकला, दोनतीन फेऱ्या नुसती मान हलवली, घंटा हातात घेतली, काठी घेतली, एकही ठोका चुकला नाही. पहिला उठून गेला. ड्रमसेटवर ही सोय नाही, नाकावर माशी बसली तरी डावा हात उचलायचा म्हणजे कागान गेला.

हल्ली मास्टरांनी उजवा पाय उघडायला परवानगी दिलीय, पण सा वर नाही, ध च्या पुढे कुठेतरी, आणि दर फेरीला नाहीच. त्यांचं म्हणणं, बोलण्यासारखं असेल तेव्हाच बोल. डावा हातही आता अधूनमधून कागान सोडून टॉमवर, म्हणजे सेटमधल्या दुसऱ्या ड्रमवर, किदीच्या जागी जातो, किदी हा मधला ढोल, मोठ्या ढोलाला उत्तर देणारा, आणि तिथून परत कागानवर येताना अजून तारांबळ उडते. जानेवारीत हरमॅटनचा वारा सुटला की सहारातली धूळ सिंबलवर बसते, तेव्हा घरी प्रॅक्टिस पॅडवरच भागवते, शेजारीही खूश.

तुम्हाला करून बघायचं असेल तर ड्रमसेट लागत नाही. उभे राहा, पाय आळीपाळीनं टाकत जागच्या जागी चाला, चार पावलं म्हणजे एक फेरी, आणि वर सांगितलेली पेटीवाली घंटा हातानं टाळ्यांत वाजवा. चालणं अडखळलं तर टाळ्या सोडा, चालणं सोडू नका. आणि मेट्रोनोम, म्हणजे लय धरून टकटक करणारं यंत्र, लावायचाच असेल तर चार ठोक्यांचा लावा, बाराचा नको, बाराचा लावलात की तुम्ही मोजत बसाल.