खोका

"आम्ही रेंजवर एक खोका कमी भरला तर अंधार पडेस्तोवर गवतात शोधत बसायचो, आणि हा गडी खिशातनं मूठभर काढतोय!" आबा माझ्या मोबाईलकडं बघत म्हणाले. आबा सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावचे, रिटायर्ड फौजी. खोका म्हणजे फौजेच्या भाषेत झाडलेल्या गोळीची रिकामी पितळी पुंगळी.

व्हिडिओत अमेरिकेतला एक म्हातारा खिशात मावणाऱ्या छोट्या पिस्तुलाच्या, पॉइंट टू फाइव्ह एसीपी नावाच्या गोळीच्या, झाडलेल्या पुंगळ्या परत भरत होता, तिकडं हा रीतसर छंद आहे. पुंगळी जेमतेम दीड सेंटीमीटरची, बोटांत धरवत नाही, आणि आत दारू किती तर ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास. चुकून दुप्पट पडली तर पिस्तूल हातातच फुटू शकतं म्हणून तो प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघत होता आणि मला ते फार आवडलं, खरंच.

आबा मात्र त्या मुठीवरच अडकले. आपल्याकडं १९५९ च्या आर्म्स ॲक्टनुसार लायसन्सशिवाय गोळी बनवणं गुन्हाच, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं. पण आबांना कायद्याचं काही नव्हतं, त्यांना हिशोबाचं होतं. सरकारचं पितळ, एकेक मोजून परत द्यायचं, ही सवय अजून अंगात आहे.

फौजेतल्या मंडळींनो, तुमच्या युनिटला खोका हरवला तर काय व्हायचं?