योहान सुटला का?

वसई, रविवार, 14 डिसेंबर 2025

आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, तिसरा रविवार, म्हणजे आनंदाचा रविवार. वेदीजवळची गुलाबी मेणबत्ती पेटली, धर्मगुरूंनी वर्षातून दोनच वेळा घातली जाणारी गुलाबी वस्त्रे घातली, आणि शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधले येशूचे चरित्र, मात्र वाचले गेले ते थेट तुरुंगातले: मत्तयाने लिहिलेल्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. बंदिवासातला बाप्तिस्मा करणारा योहान आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवून विचारतो, की जो तारणारा यायचा होता तो तूच, की आम्ही आणखी कोणाची वाट पाहायची?

हा प्रश्न एखाद्या संशयखोराने विचारला असता तर मी तो वाचून पुढे गेलो असतो. पण ज्याने यार्देन नदीकाठी लोकांना सांगितले, की झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड आताच ठेवलेली आहे आणि येणाऱ्याच्या हातात सूप आहे, तो धान्य कोठारात भरील आणि भूस न विझणाऱ्या आगीत जाळील, तोच हे विचारतो आहे. गालीलचा शासक हेरोद अंतिपाने भावाची बायको घरात आणली, योहानाने ते तोंडावर सांगितले आणि त्याबद्दल तो कैदेत पडला, असे शुभवर्तमान सांगते. लोक त्याच्यामागे जाऊन बंड करतील अशी अंतिपाला भीती होती, असे इतिहासकार योसेफस लिहितो. योसेफसच्या म्हणण्याप्रमाणे त्याला मखैरसच्या किल्ल्यात ठेवले होते. मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डनमध्ये, त्या किल्ल्याचे अवशेष उघड्याबोडक्या टेकडीवर अजून आहेत. त्या भिंतींआड योहानाच्या कानावर काय येत असेल? सूप कुठेच चाललेले नाही, आणि येशू पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांच्या पंगतीला बसतो आहे. कुऱ्हाडीची वाट पाहणाऱ्याला असा तारणारा ओळखू येणे सोपे नव्हते.

येशूने 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर दिले नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात आणि गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, हे जे पाहता आणि ऐकता ते जाऊन योहानाला सांगा, एवढेच तो म्हणाला. यातले बरेचसे यशया संदेष्ट्याच्या पस्तिसाव्या आणि एकसष्टाव्या अध्यायांतले आहे आणि ते ओळखायला योहानाला क्षणही लागला नसेल. पण जे गाळले गेले तेही त्याने ओळखले असणारच. एकसष्टाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात गरिबांच्या सुवार्तेपाठोपाठ बंदिवानांच्या सुटकेची घोषणा आहे. नासरेथच्या सभास्थानात येशूने हेच वचन उभे राहून वाचल्याचे लूक सांगतो. तेव्हा त्याने सुटकेचे शब्द वाचले आणि पुढच्या सूडाच्या दिवसाचा उल्लेख येण्याआधी ग्रंथपट गुंडाळला. आज एका कैद्याला निरोप पाठवताना सुटकाही त्यात नाही. मला यात निष्काळजीपणा दिसत नाही. दार उघडणार नाही, हे येशूने त्याच्यापासून लपवले नाही आणि खोटा दिलासाही दिला नाही, असे मी समजतो.

त्याहून जिव्हारी लागते ते पुढचे वाक्य. निरोपे निघून गेल्यावर येशू लोकसमुदायाकडे वळला आणि स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही, असे म्हणाला. ज्याला हे ऐकण्याची सर्वांत जास्त गरज होती त्याच्यापर्यंत हे शब्द पोहोचले का, याबद्दल मत्तय एक अक्षर लिहीत नाही.

दुपारी थोरल्या मावशीकडे जाऊन तिला हाच उतारा वाचून दाखवला. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिचे मिस्सेला जाणे बंद झाले आहे. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकून विचारले, "मग योहान सुटला का रे?" मी म्हटले, "नाही मावशी, हेरोदाने त्याचे डोके उडवले." "ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली, "देवाने सोडवलं का, ते विचारते आहे."

प्रार्थनासभांतून आपण ज्या साक्षी ऐकतो त्या बहुतेक सुटकेच्याच असतात: आजार गेला, कर्ज फिटले, व्हिसा मिळाला. त्या खऱ्या असतीलही, आणि आनंदाने उपकारस्तुती करणाऱ्याचा हात धरण्याची माझी इच्छा नाही. पण ज्याचा आजार गेला नाही तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो आणि आपला विश्वास कमी पडला असे मनाशी ठरवून टाकतो, हे मी पाहिले आहे. त्याला योहानाचा हा अध्याय कोणी वाचून दाखवत नाही. तारणाऱ्याचे वचन मुळात काय होते, ते मत्तयाने पहिल्याच अध्यायात देवदूताच्या तोंडून नोंदवून ठेवले आहे: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. रोमपासून किंवा हेरोदापासून तारील असे तिथे लिहिलेले नाही. माणसाचे देवाशी तुटलेले नाते जोडण्यासाठी जो आला तो स्वतःही पुढे राज्यपालाच्या हुकुमाने वधस्तंभावर गेला. योहानाला जे चुकले नाही ते त्याने स्वतःलाही चुकवले नाही. मावशीला मी हे सांगितले, तेव्हा तिने मान हलवली, पण तिचे समाधान झाले असे मला वाटले नाही.

मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात योहानाचे शिष्य त्याचे धड उचलून नेतात, पुरतात आणि मग येशूकडे जाऊन त्याला ते सांगतात. आमच्या गुरूला तू सोडवले नाहीस, असे म्हणून ते दुसरीकडे कुठे निघून गेले नाहीत. ते ऐकून येशू मचव्यात बसून एकांती निघून गेला. पुढच्या रविवारी मरियेचा पती योसेफ याच्या स्वप्नाचा उतारा आहे. मावशीकडे जाईन तेव्हा त्याच्याबरोबर या चार ओळीही वाचायच्या असे ठरवले आहे, आणि तिचा प्रश्न त्यानंतरही उभा राहिला तर तो त्यापुढच्या शुक्रवारी बायबल अभ्यासाच्या बैठकीत मी जसाच्या तसा मांडणार आहे.