तुम्ही विचारलंत म्हणून: बाई असून मुलींना एवढं टोचून का बोलता?

पवईत नव्या स्टार्टअपच्या निवड समितीवर बसायला लागून मला पाच वर्षं झाली. प्रत्येक फेरीनंतर कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. चहाच्या टेबलाशी, लिफ्टमध्ये, एकदा तर घाटकोपर मेट्रोच्या जिन्यावर. "मॅडम, तुम्ही स्वतः यातून गेलात, मग मुलींनाच एवढं का सुनावता?" माझी कंपनी बुडाली हे विचारणाऱ्यांना माहीत असतं, त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही. त्यातल्या दहा महिन्यांबद्दल मात्र मी कुणाशी नीट बोललेले नाही.

हाऊसिंग सोसायट्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं आमचं. मेंटेनन्सची बिलं, मोठ्या दुरुस्त्यांसाठीचा सिंकिंग फंड, भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचे, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, ३० सप्टेंबरच्या आत घ्यायच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठीचा ताळेबंद. बाबा डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीचे खजिनदार होते. पावतीपुस्तकं बघतच मी मोठी झाले, त्यामुळे या धंद्यातलं मला कळतं याबद्दल मला शंका नव्हती. बाबांनी पीएफमधले आठ लाख दिले होते.

ऑगस्ट २०१७. लोअर परळ, काचेची खोली. मी आणि माझा पार्टनर. समोरच्या गुंतवणूकदाराने मला विचारलं, "कमिटीने पैसे थकवले तर काय करणार? डेटा फुटला तर? घरचं सांभाळून एवढं जमेल?" पार्टनरला विचारलं, "पुण्यात कधी उतरताय? तीन वर्षांत किती सोसायट्या?" आकडा पार्टनरला ठाऊक नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी आकडा सांगितला, आणि समोरच्याने तो पार्टनरकडे बघत वहीत टिपून घेतला. दोन दिवसांनी मला मेल आला. ग्रेट एनर्जी, पॅशन दिसतंय, थोडं लवकर आहे, संपर्कात राहू.

मी त्या मेलचा अर्थ 'जवळजवळ हो' असा घेतला. अजून सोसायट्या जोडल्या की होईल, असं वाटलं. दोन मुलं कामावर घेतली. खजिनदार ऑफिसमधून आल्यावरच भेटतात, म्हणून ही मुलं रात्री आठ ते दहा मुलुंड-भांडुपच्या सोसायट्यांत बसून जुनी खाती भरून द्यायची.

जून २०१८. ठाण्यातलं ऑफिस, बाहेर धो धो पाऊस, पगाराला पैसे नाहीत. पार्टनर खिडकीकडे बघत म्हणाला, "तो मला बोलला होता."

"कोण?"

"लोअर परळवाला. त्याच संध्याकाळी फोन आला होता. म्हणाला, एक सोसायटी जोडायला तुमचा जेवढा खर्च होतो तेवढी ती वर्षभरात देत नाही, आणि दुसऱ्या वर्षी कमिटी बदलली की नवा खजिनदार आपला अकाउंटंट घेऊन येतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तोच म्हणाला, तिला आत्ता सांगू नकोस, खचेल. मलाही तसंच वाटलं."

टेबलावर एका सोसायटीचं रबर लावलेलं जुनं पावतीपुस्तक पडलं होतं. त्याच्या पाठकोऱ्या पानावर मी हिशेब मांडला. सोसायटीकडून वर्षाला ६,००० रुपये. ती जोडायला मुलांचा पगार, प्रवास, चार-पाच रात्री मिळून ९,००० च्या आसपास. जितक्या जास्त सोसायट्या, तितका मोठा खड्डा. हिशेबाला पाच मिनिटंही लागली नाहीत. दहा महिने मी तो खड्डा हौसेने खणत होते, आणि दोन पुरुषांना ते माहीत होतं.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी पैशांचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "तुला कुणी सांगितलं नाही का?"

आता कुणी म्हणेल, हिशेब तुलाच यायला हवा होता. बरोबर आहे, यायला हवा होता. लोअर परळच्या त्या मीटिंगच्या महिनाभर आधी अंधेरीत एका ज्येष्ठ माणसाने दर फार कमी आहे असं सांगितलं, तर मी वीस मिनिटं त्यांच्याशी वाद घातला होता. तेव्हा लोअर परळवाल्याने मला तोंडावर सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. कधी वाटतं, माझ्या बाई असण्यापेक्षा माझा स्वभाव आड आला असेल. मग आठवतं, पार्टनर माझ्यापेक्षा तापट होता, मीटिंगमधून उठून जायचा. तो खचेल अशी काळजी कुणी केली नाही.

नंतर वाचलं की डाना कान्झ ही संशोधक आधी स्वतः स्टार्टअप चालवायची, आणि तिच्या पुरुष पार्टनरला वेगळे प्रश्न विचारले जातात हे तिच्याही लक्षात आलं होतं. टेकक्रंच या तंत्रज्ञानाच्या वेबसाइटच्या न्यूयॉर्कमधल्या स्टार्टअप स्पर्धेतले २०१० ते २०१६ चे प्रश्न तिने आणि सहकाऱ्यांनी तपासले. पुरुषांना ६७ टक्के प्रश्न वाढीचे, बायकांना ६६ टक्के प्रश्न धोक्याचे. वाचून मी रडले. इतकी वर्षं ते माझ्या मनाचे खेळ आहेत असं वाटत होतं.

आणि हे फक्त बाईपुरतं नाही. समितीत मी 'पॉलिश कमी आहे' हे शब्द ऐकले आहेत, आणि ते कोणत्या आडनावांच्या, कोणत्या स्टेशनांवरून येणाऱ्या मुलांबद्दल निघतात तेही पाहिलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी २००७ मध्ये दाखवलं की पात्रता सारखी असली तरी दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना कंपन्यांकडून कमी बोलावणी येतात. 'पॉलिश'चं त्या मुलाला मात्र कुणी सांगत नाही. त्याला 'ऑल द बेस्ट' मिळतं.

म्हणून मी सांगते. तोंडावर, आकड्यांसकट. एवढंच माझं उत्तर होतं, मागच्या वर्षापर्यंत.

मागच्या वर्षी विरारची एक मुलगी आली. घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांना जोडून शाळांचे गणवेश पुरवायची. मी म्हटलं, "कापताना वाया जाणारं कापड तू धरलेलंच नाहीस, तुझा नफा खोटा आहे." ती "थँक यू मॅडम" म्हणाली, लॅपटॉप मिटला आणि गेली. दुसऱ्या फेरीला आलीच नाही. "बघा, हेच सांगत होतो," असं मला समितीतल्या दोघांनी ऐकवलं.

जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांचा १९९९ चा स्टॅनफर्डचा प्रयोग मला माहीत होता. गोऱ्या परीक्षकाने नुसते दोष काढले तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यात पूर्वग्रह दिसायचा. वरवरच्या कौतुकानेही ते पूर्ण भरून निघत नव्हतं. पण माझी अपेक्षा उंच आहे आणि तू ती गाठशील असं दोषांसोबत सांगितलं, की तेच विद्यार्थी पुन्हा लिहायला तयार व्हायचे. मी दोष सांगितले आणि ते वाक्य गाळलं. मुद्दाम गाळलं असं नाही. 'तुला जमेल' हे शब्द ओठांवर आले की मला लोअर परळचा मेल आठवतो, आणि मी थांबते.

त्या मुलीकडे शिवणाऱ्या बायका १५ जूनच्या आत, शाळा उघडायच्या आधी, सगळा माल पोचवत होत्या, एकही तारीख न चुकवता. माझ्या कंपनीला एका वर्षीही सगळे ताळेबंद ३० सप्टेंबरच्या आत देता आले नव्हते. तिच्या स्लाइडवर हे पाहिलं तेव्हाच मला कळलं होतं की हिला धंदा जमतो. मी ते तिला सांगितलं नाही.