फ्लास्क हलवला म्हणून जिवाणूला जास्त खायला मिळत नाही

समुद्राच्या पाण्याचा फ्लास्क शेकरवर ठेवला, दोन दिवसांत जिवाणू वाढले, की लगेच म्हटलं जातं: घुसळणीने पोषण वाढलं. आकडेमोड केली तर हे टिकत नाही.

मोठे भोवरे फुटून लहान होत जातात आणि एका टप्प्यावर पाण्याचा चिकटपणा त्यांना जिरवतो. किलोमागे 10⁻⁶ वॉट ऊर्जा जिरत असेल, तर हा टप्पा साधारण 1 मिलिमीटरचा. जिवाणू जेमतेम एक मायक्रॉनचा! त्याच्यासाठी भोवरा नसतोच, शेजारचे थर फक्त एकमेकांवरून सरकतात. या सरकण्याचा वेग म्हणजे ‘कातर-दर’, तो इथे सेकंदाला 1. एवढ्याशा अंतरात अन्नाचे रेणू विसरणानेच, म्हणजे आपोआप पसरतच पोचतात, घुसळणीची भर जेमतेम अर्धा टक्का. 100 मायक्रॉनच्या डायटमला (एकपेशीय शैवालाला) मात्र 25 टक्क्यांच्या आसपास फायदा होतो.

मग फ्लास्कमध्ये जिवाणू वाढतात कशाने? बहुतेकदा ऑक्सिजनने, तळाशी न बसलेल्या कणांनी, नाहीतर जिवाणू खाणाऱ्या फ्लॅजेलेटांचा (शेपटीवाल्या एकपेशीय जिवांचा) हिशोब बिघडल्याने. पोहणाऱ्या जिवाणूंची गोष्ट थोडी वेगळी. अन्नाचा ढग मध्यम घुसळणीत ताणून धाग्यांसारखा पसरतो, तो गाठणं सोपं होतं. जोर वाढला की जिवाणू पोचण्याआधीच ढग विरून जातो.

खरं तपासायचं तर शेकर सोडा. एकात एक बसणारी दोन नळकांडी घ्या: बाहेरच्याची आतली त्रिज्या 6 सेंमी, फट 1 सेंमी. बाहेरचं मिनिटाला 1.6 फेरे फिरवलं की कातर-दर सेकंदाला 1 च्या जवळपास येतो. तुलनेसाठी तशीच दुसरी जोडी न फिरवता ठेवा. आतलं फिरवू नका, वेग वाढताच फटीत वळ्यांसारखे भोवरे उठतात आणि कातर-दर एकसारखा राहत नाही.

काचसामान आधी 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून भरपूर धुवा. पाणी 0.8 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. बरेचसे फ्लॅजेलेट अडतात, पण लहान काही निसटतातच, म्हणून तेही मोजा. स्थिर जोडीचं तापमान अर्ध्या अंशात राखा, नाहीतर संवहनाने तेही 'स्थिर' उरत नाही. मोटरची ऊब हा इथला नेहमीचा चोर.

नमुने दर 6 तासांनी काढून 2 टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवा, डापीने (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने) रंगवून 0.2 मायक्रॉनच्या काळ्या फिल्टरवर मोजा. गुठळीतल्या पेशी एक धरल्या, तर घुसळलेल्या पाण्यातली संख्या उगाच कमी दिसते. भिंतीवर चिकटलेले मोजणीत येतच नाहीत, म्हणून शेवटी भिंत खरवडून पाहा. 48 तासांपुढचे आकडे मी धरत नाही, तोवर काचेवरची वाढ पाण्यावर भारी पडू लागते.